पांढरा चट्टा, टाचलेली पानं आणि दारावरून पुढे निघून जाणारी टी-पेशी

परळकर_वृंदा · रविवार, रात्री १०:२०

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, रिपोर्टमध्ये ‘मध्यम डिसप्लेसिया’, म्हणजे अस्तरातल्या पेशींची ठेवण बिघडलेली. तेव्हापासून आई, भावजय, आत्या सगळ्या एकच विचारताहेत, "म्हणजे कॅन्सर आहे की नाही ते सांग ना." मी बावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि मला नीट सांगता आलं नाही. "अजून नाही" एवढंच म्हटलं. आईचा चेहरा बघून कळलं की उत्तर बरोबर आहे, पण त्याने कोणाच्या जिवाला स्वस्थता नाही.

म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. टिश्यू प्रोसेस करणं, पॅराफिनचे ब्लॉक बनवणं, कापणं, रंगवणं हे माझं काम. पण या ‘अजून नाही’बद्दल मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचते, सरांना, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टना, विचारते. कळलं तेवढं लिहिते. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

आधी स्लाइड. ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमवर चढवला की चार मायक्रॉनची रिबन निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काचेवर अलगद उचलायची. रंगवल्यावर केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकी सगळं गुलाबी. भावाचा ब्लॉक मी कापला नाही, सहकाऱ्याला दिला. नंतर सरांनी मला समोर बसवलं आणि दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर स्लाइड लावली.

गालाच्या निरोगी अस्तरात तळाची ओळ गडद आणि शिस्तीत असते, वर जाता जाता पेशी पसरट होतात. इथे तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत ती शिस्त मोडली होती. केंद्रकं मोठी, काळपट, एकमेकांवर रेललेली. पण तळाचा पडदा शाबूत होता. एकही पेशी तो फोडून खाली उतरली नव्हती, म्हणून ‘अजून नाही’. आणि त्या पडद्याच्या खाली, मोहरी सांडावी तसे लिम्फोसाइट, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. शेकडो.

मी विचारलं, "सर, हे एवढे आलेत तर साफ का करत नाहीत?" सर म्हणाले, "थोडे करताहेत. बाकीच्यांना आत काय चाललंय ते दिसत नाही." या ‘दिसत नाही’पायी पुढचं सगळं लिहितेय.

माझ्या आईची स्वयंपाकाची वही आहे. लोणच्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळं तिच्यात. जी पानं रोज लागत नाहीत ती तिने टाचणीने एकत्र टाचून ठेवलीत. शाई जागच्या जागी आहे, पण वही उघडली की ते पान समोर येत नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीकडे तीच एक वही असते. जिभेच्या पेशीने यकृताची पानं टाचलेली, यकृताच्या पेशीने जिभेची. टाचण्यांत सगळ्यांत माहितीची म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. तो डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर बसतो, बहुतेक वेळा त्याच्यापुढे ग्वानिन असेल तिथे. जनुकाच्या सुरुवातीला अशा टाचण्या दाटल्या की ते जनुक गप्प होतं. दुसरी सोय हिस्टोनची. पेशीतला साधारण दोन मीटरचा धागा हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, दर रिळावर सुमारे १४७ अक्षरं. रीळ घट्ट आहे की सैल, यावर तिथलं वाचता येणार की नाही ते ठरतं. आणि पेशी दुभंगली की डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम जुन्या धाग्याकडे बघून नव्यावर त्याच जागी टाचण्या लावतं. म्हणून आई-पेशीत गप्प झालेलं जनुक लेक-पेशीतही गप्प, नात-पेशीतही गप्प. हे एपिजेनेटिक्स. वॅडिंग्टन यांनी हा शब्द या अर्थाने १९४२ मध्ये वापरला, डीएनएची रचना कळायच्या अकरा वर्षं आधी.

कॅन्सर म्हणजे म्युटेशन, अक्षरच चुकणं, असं आपण ऐकत आलो. ते खरंच आहे. पण २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी कॅन्सर नसलेल्या माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर कणाकणाने तपासलं, तेव्हा वय वाढलेल्यांत त्या अस्तराचा मोठा भाग नॉच१ जनुकाची म्युटेशनं बाळगणाऱ्या पेशींनी व्यापलेला निघाला. इतकी अक्षरं चुकूनही तिथे कॅन्सर नव्हता. मग आणखी काहीतरी व्हावं लागत असणार.

त्यातली एक गोष्ट म्हणजे टाचण्या चुकीच्या पानांना लागणं. १९८३ मध्ये फाइनबर्ग आणि वोगेलस्टाइन यांना गाठींच्या पेशींत काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा कमी दिसल्या. पुढे उलटंही सापडलं: एकंदर वही सुटीसुटी झालेली, आणि नेमकी काही महत्त्वाची पानं मात्र गच्च टाचलेली. पेशीला ‘थांब, दुभंगू नकोस’ सांगणारं पी१६ हे त्यातलं एक. तोंडाच्या डिसप्लेसियातच, कॅन्सर नसताना, हे पान टाचलेलं सापडतं.

आता टी-पेशी, त्या लिम्फोसाइटांतल्याच. मी लहानपण चाळीत काढलं. गॅलरीतून चालत गेलं की दारासमोर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात कोण आहे ते कळायचं. बाळाची दुपटी, पोलिसाची खाकी, आजीचं नऊवारी. पेशीही तसंच करते. आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या दोरीवर बाहेर टांगते. टी-पेशी गॅलरीतून जाताना दोरी बघते. ओळखीचे कपडे असले तर पुढे जाते. अनोळखी शर्ट दिसला तर दार वाजवते आणि त्या पेशीला मारते. बिघडलेली पेशी काय करते? दोरीच आत ओढून घेते. एचएलएची जनुकं, त्यांना चालू करणारं एनएलआरसी५, तुकडे दोरीपर्यंत पोचवणारी प्रथिनं, या सगळ्यांच्या पानांना टाचण्या लागतात. टी-पेशी दारावरून निघून जाते.

बिघडलेल्या पेशीला शरीर शोधून काढतं हे म्हणणं जुनं आहे, बर्नेट आणि थॉमस यांनी १९५० च्या दशकात मांडलेलं. २००२ मध्ये श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे तीन टप्पे सांगितले: पेशी मारल्या जातात, मग दोन्ही बाजू वर्षानुवर्षं समतोलात राहतात, मग काही पेशी निसटतात. भावाची स्लाइड मला मधल्या टप्प्याची वाटते. ‘वाटते’ हा शब्द मी जपून वापरतेय.

आईला मी आता असं सांगितलंय: "काही पानं टाचली गेलीत, दोरी अर्धी आत ओढलीय, पण कोणी भिंत फोडलेली नाही." तिला हे कळलं. तिने लगेच विचारलं, "मग टाचणी काढता येते का?" त्याचं उत्तर मला इथे हवंय.

शिवडीचा_शैलेश · रविवार, रात्री ११:०५

वृंदाताई, दोनदा वाचलं. आमचे बाबा गिरणीत होते. खात्यात विडी पेटवायला बंदी, कापसाला आग लागेल म्हणून. मग सगळे तंबाखू मळायचे. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, तोंडाचाच. आई अजून रोज सकाळी मशेरी लावते. तुम्ही लिहिलेला चट्टा दिसतो कसा? आणि तंबाखू सोडला तर जातो का?

दातवाली_डोंबिवली · सोमवार, सकाळी ८:१५

शैलेशदादा, मी दंतवैद्य आहे. पहिली खूण: स्वच्छ कापडाने पुसला तर निघत नाही. निघाला तर बहुधा बुरशी किंवा अन्नाचा थर. सपाट, एकसारखा पांढरा चट्टा तुलनेने बरा. पांढऱ्यात लाल मिसळलेला, खडबडीत किंवा जिभेच्या कडेला, जिभेखाली असेल तर मी त्याच आठवड्यात पुढे पाठवते. तंबाखू किंवा मशेरी जिथे ठेवतात तिथलाच चट्टा असेल तर सोडल्यावर काही आठवड्यांत फिका पडताना, कधी पूर्ण जाताना मी पाहिलंय. दोन ते चार आठवडे सोडूनही जागचा हलला नाही तर बायोप्सी. ल्युकोप्लेकियाच्या, म्हणजे अशा न निघणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याच्या, बहुतेक रुग्णांना पुढे कॅन्सर होत नाही, हे घाबरलेल्या प्रत्येकाला सांगा. पण कोणाला होणार हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढायचा.

सुपारीचं वेगळं. मावा, गुटखा, नुसती सुपारीसुद्धा, यांनी गाल आतून चामड्यासारखा कडक होतो. सबम्युकस फायब्रोसिस. भारतात त्याचं वर्णन १९५३ मध्ये आपल्या मुंबईतून जोशी यांनी केलं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. दोनच जात असतील तर या. ते कडकपण सुपारी सोडून परत मऊ होत नाही, पुढे वाढायचं तेवढं थांबू शकतं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणारी विशीतली मुलं दोन बोटांवर आलेली असतात. मला याचा फार त्रास होतो.

अवांतर झालं. वृंदाताई, स्लाइडचं वर्णन वाचून कॉलेजचे दिवस आठवले.

खारघर_पेशी · सोमवार, दुपारी १:४०

लेख आवडला. मी याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो.

पडद्याखालची मोहरी सगळी एका कामाची नसते. त्यात मारणाऱ्या टी-पेशी असतात, तशा ‘शांत राहा’ सांगणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात. त्यांच्या शोधासाठीच २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. त्या नसत्या तर शरीर स्वतःलाच खाऊन टाकेल. पण चट्ट्याखाली त्यांची संख्या वाढली की मारणाऱ्यांचे हात बांधले जातात.

दुसरं. टी-पेशी हल्ला करते तेव्हा इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. त्याने पेशीची दोरी बाहेर येते, हे आपल्या फायद्याचं. पण त्याच इशाऱ्यावर पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिनही बाहेर काढते. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ ला चिकटलं की टी-पेशी थंडावते. म्हणजे हल्ल्यातूनच ढाल तयार होते. पीडी-१ होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं, २०१८ मध्ये त्यांना आणि अॅलिसन यांना नोबेल मिळालं.

तिसरं, जे मला या धाग्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दोरी दोन तऱ्हांनी जाते. एकात एचएलएचं जनुकच तुटून हरवतं. फुप्फुसाच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ मध्ये, जवळपास ४० टक्के गाठींत एचएलएची एक प्रत अशी हरवलेली होती. ती दोरी परत येत नाही. दुसऱ्यात जनुक शाबूत, फक्त टाचलेलं किंवा घट्ट गुंडाळलेलं. हिस्टोनवर ‘गुंडाळून ठेव’ अशी खूण करणारं ईझेडएच२ नावाचं एन्झाइम एचएलएची पानं बंद ठेवतं, आणि प्रयोगशाळेत ते रोखलं की काही कॅन्सरपेशींवर दोरी परत दिसू लागते. आईंच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे: टाचणी निघू शकते.

आणि वृंदाताई, रिकामी दोरी हाही पुरावाच असतो. नैसर्गिक मारक पेशी, एनके, नेमकं तेच बघतात: ‘इथे काहीच कसं टांगलेलं नाही?’ १९८० च्या दशकात स्वीडनच्या कारे यांनी हे दाखवलं. म्हणून हुशार पेशी सगळी दोरी आत घेत नाही, थोडी ठेवते.

परळकर_वृंदा · सोमवार, रात्री ९:३०

‘थोडी ठेवते’ हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पीडी-एल१ची स्लाइड करतो तेव्हा पेशीच्या कडेने तपकिरी जाळी उमटते, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी. इतकी वर्षं ती चांगली उमटली की कंट्रोल बरोबर आला म्हणून मला समाधान वाटायचं. आता कळतंय की ती जाळी जिथे दाट, तिथे बहुधा कोणीतरी आधी लढून गेलंय.

काळाचौकी_नंदन · सोमवार, रात्री १०:५०

थोडा विरोध नोंदवतो. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स डीएनएला चिकटतात आणि अक्षरं बिघडवतात, टीपी५३ हे बिघडलेल्या पेशीला थांबवणारं जनुक मोडतं, हे दशकानुदशकं सिद्ध झालेलं आहे. एपिजेनेटिक्सला एवढं पुढे आणलं की लोकांना वाटतं, सगळं परतवता येण्यासारखं आहे, आज खा, उद्या टाचणी काढू. शिवाय टाचण्या आधी लागतात की म्युटेशनमुळे लागतात, हेही बघायला हवं. टाचण्या लावणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांतच म्युटेशन असलेले कितीतरी कॅन्सर आहेत.

खारघर_पेशी · मंगळवार, सकाळी ७:५०

नंदनदादा, शेवटचं वाक्य अगदी बरोबर, आणि मानवी गाठींत दोन्ही गोष्टी इतक्या गुंतलेल्या असतात की आधी काय हे सांगणं अवघड. पण टाचण्यांनी एकट्याने सुरुवात होऊ शकते का, याचं एक उत्तर २०२४ मध्ये आलं. फ्रान्समधल्या मॉंपेलिए इथे कावाली यांच्या गटाने फळमाशीच्या अळीत पॉलिकोम्ब प्रथिनं, म्हणजे पानं बंद ठेवणारी यंत्रणा, थोडा वेळ कमी केली आणि मग पूर्ववत होऊ दिली. गाठी झाल्या, आणि यंत्रणा परत आल्यावरही त्या थांबल्या नाहीत. त्यांना कारणीभूत ठरतील अशी म्युटेशनं सापडली नाहीत. माशीवरून माणसावर थेट उडी मारू नये. पण यातून तुमच्याच म्हणण्याला बळ मिळतं: टाचण्यांचा बिघाड परतवता येऊ ‘शकतो’, येईलच असं नाही. माशीत तो परतला नाही.

हानाहान आणि वाइनबर्ग यांच्या कॅन्सरच्या लक्षणांच्या यादीत २०११ मध्ये ‘प्रतिकारशक्तीला चुकवणं’ आलं आणि २०२२ मध्ये हानाहान यांनी ‘म्युटेशनशिवाय होणारे एपिजेनेटिक बदल’ जोडले. अकरा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन मुद्दे एकाच दारातून येतात, असं मला वाटतं.

आणखी एक. नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर पी१६ आहे, त्याच्याजवळ इंटरफेरॉनच्या जनुकांचा झुबका आहे, आणि त्याच बाजूला पुढे पीडी-एल१चं जनुक आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या वाटेवर या बाजूचा तुकडा बऱ्याचदा हरवतो. एका फटक्यात ब्रेकही जातो आणि धोक्याची घंटाही.

गुरुजी_दादर · मंगळवार, सकाळी ११:१०

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. वर्गात एपिजेनेटिक्स शिकवायला मी कधी पाठ्यपुस्तक उघडलं नाही, मांजर दाखवायचो. काळ्या-केशरी-पांढऱ्या ठिपक्यांची तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादी असते. तिच्याकडे दोन एक्स गुणसूत्रं, एकावर केशरी रंग, एकावर काळा. गर्भात असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स कायमचं मिटवते. ज्या पेशीने काळं मिटवलं तिच्या सगळ्या लेकी केशरी. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी हे मांडलं. दादरच्या मासळीबाजारात अशा मांजरी भरपूर, मी मुलांना तिकडे नेत असे. टाचणी किती चिवट असते ते बघायचं तर ती मांजर बघा, जन्मभर एक ठिपका जागचा हलत नाही.

वृंदाताई, एक शंका. या टाचण्या मुलांकडे जातात का? भावाला मुलं असतील तर घरात हा प्रश्न येणारच.

खारघर_पेशी · मंगळवार, दुपारी २:२५

गुरुजी, गालाच्या पेशींतल्या टाचण्या मुलांकडे जायला वाटच नाही, मुलं बीजांड आणि शुक्रपेशींतून होतात. आणि तिथेही बीजपेशी तयार होताना एकदा आणि गर्भधारणेनंतर एकदा, अशा दोनदा बहुतेक खुणा पुसल्या जातात. काही थोडी जनुकं दुसऱ्या पुसण्यातून वाचतात, ती ठरलेली असतात. मुलांकडे जाते ती बाबांची सवय.

अश्विनी_भांडुप · मंगळवार, रात्री १०:१५

कोणाला वाईट वाटणार नसेल तर विचारते. माझ्या सासऱ्यांना सौम्य डिसप्लेसिया निघालाय. नात्यातल्या एकांनी सोसायटीत कार्यक्रम ठेवला होता, तिथे पावडर विकत होते. ‘जनुकं बदलते, एपिजेनेटिक आहे, ऑपरेशनची गरज नाही’ म्हणे. सासरे आता पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे जायला नको म्हणतात. मी काय सांगू त्यांना?

परळकर_वृंदा · मंगळवार, रात्री १०:४०

अश्विनी, उद्याच सांग की तारीख चुकवायची नाही. हात जोडून सांगते.

टाचण्या काढणारी खरी औषधं आहेत. अॅझासिटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, डेसिटाबिनला २००६ मध्ये. ती रक्ताच्या विकारांत वापरतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि त्यांनी रक्तातल्या चांगल्या पेशीही खाली जातात. ती औषधं ‘फक्त पी१६चं पान सोडव’ एवढंच करू शकत नाहीत, सगळ्या वहीच्या टाचण्या ढिल्या करतात. तोंडाच्या चट्ट्याला ती देत नाहीत. मग डब्यातल्या पावडरीला कोणतं पान उघडायचं ते कसं कळणार? हळद, ग्रीन टी यांतल्या पदार्थांचा काचेच्या बशीतल्या पेशींवर परिणाम दिसतो हे खरं, पण बशीतून सासऱ्यांच्या गालापर्यंतचा रस्ता कोणी दाखवलेला नाही.

सासऱ्यांना एवढं सांग. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तपेशींत एएचआरआर नावाच्या जनुकावरच्या मिथाइल खुणा कमी होतात, आणि सिगारेट सोडल्यावर वर्षानुवर्षांत हळूहळू परत भरतात. म्हणजे शरीर स्वतः दुरुस्ती करू पाहतं, त्याला रोजचा मार थांबलेला हवा. पावडरीचे पैसे वाचवून तेवढं करा.

खारघर_पेशी · बुधवार, सकाळी ८:०५

ताईंच्या उत्तराला एक पुरवणी, कारण गोष्ट खरंच सुंदर आहे. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे, लाखो वर्षांपूर्वी घुसून तिथेच राहिलेले. पेशी त्यांना टाचून गप्प ठेवते. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की टाचण्या ढिल्या करणारं औषध दिलं की ही विषाणूंची पानं उघडतात, त्यातून दुपदरी आरएनए बनतो, आणि पेशीला वाटतं विषाणू शिरलाय. ती इंटरफेरॉनची आरोळी ठोकते, टी-पेशी धावत येतात. म्हणून अशी औषधं आणि इम्युनोथेरपी, म्हणजे टी-पेशींचे हात सोडवणारे उपचार, एकत्र देऊन बघण्याचे प्रयोग चालू आहेत. अश्विनीताई, हे सगळं संशोधनाच्या टप्प्यावर आहे, सासऱ्यांना तारखेलाच न्या.

चेंबूर_आरोग्यसेविका · बुधवार, दुपारी ३:३०

मी वस्त्यांत काम करते, गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या शिबिरांत. धागा तोंडाचा आहे, पण ‘अजून नाही’ची जागा आमच्याकडेही तीच. विषाणू असतो एचपीव्ही. तोही हेच करतो, त्याचं ई५ प्रथिन तुम्ही म्हणता ती दोरी आत ओढतं. तरी बहुतेक बायांचं शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावतं. मधल्या पायरीचे बदल, सीआयएन२, त्यातले जवळपास निम्मे दोन वर्षांत आपोआप मागे फिरतात. हे मी बायांना सांगते तेव्हा त्यांचे खांदे सैल होतात. मग सांगते, उरलेल्या निम्म्यांत तू आहेस की नाही ते बघायला परत ये.

टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायांवर जो अभ्यास केला, त्यात तपासणी डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. साधं व्हिनेगर लावायचं, बदललेली जागा पांढरी दिसते. दर दोन वर्षांनी, चार वेळा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१४ मध्ये तो छापून आला. आमच्या प्रशिक्षणात आम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि कापसाचा बोळा हातात घेताना मला दर वेळी आठवतं.

काळाचौकी_नंदन · बुधवार, रात्री ९:४५

निसटून गेलेल्या टप्प्याबद्दलही मुंबईतलंच एक लिहितो. डोक्या-मानेच्या, पुढे गेलेल्या कॅन्सरला पीडी-१ रोखणारं निवोलुमॅब देतात, पण त्याची किंमत आपल्याकडे फार थोड्यांना झेपते. टाटाच्याच डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर प्रयोग केला. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर. एक वर्षाने जिवंत असणारे नुसत्या त्या स्वस्त औषधांवर १६.३ टक्के होते, निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. माझा विरोध वर आहे तसाच आहे, पण टी-पेशीचे बांधलेले हात एवढ्याशा औषधाने सुटू शकतात, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

परळकर_वृंदा · शुक्रवार, संध्याकाळी ६:५५

भावाचं सांगते. काल चट्टा काढला, पूर्ण, कडेने थोडं निरोगी अस्तर घेऊन. नमुना फॉर्मॅलिनमध्ये आहे, रिपोर्टला पाच-सहा दिवस. आज त्याचा तंबाखूशिवायचा अकरावा दिवस. चुन्याची डबी त्याने आईकडे दिलीय, आईने ती देव्हाऱ्यामागे ठेवलीय. तोंड दुखतंय, पेज पितोय. सरांनी सांगितलंय की चट्टा काढला तरी शेजारच्या साध्या दिसणाऱ्या अस्तरातही टाचण्या लागलेल्या असू शकतात, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं. पहिली तारीख मी त्याच्या फोनमध्ये आणि माझ्याही फोनमध्ये टाकली.

अश्विनी_भांडुप · शुक्रवार, रात्री ८:३०

सासरे येतो म्हणाले. मांजराची गोष्ट नातवाने वाचून दाखवली, तिथून बोलणं सुरू झालं. गुरुजी, आभार.

शिवडीचा_शैलेश · शनिवार, रात्री ११:२०

चार दिवस आईला विनवत होतो. "मला काय झालंय" म्हणून तोंड उघडेना. आज जेवण झाल्यावर मी स्वतःचं उघडून दाखवलं, तीन बोटं घालून, मग तिने उघडलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं. खालच्या ओठाच्या आत, उजवीकडे, मशेरी ठेवते तिथेच, रुपयाएवढं पांढरं आहे. कापडाने पुसलं, गेलं नाही. मध्ये एक बारीक लाल ठिपका आहे, तो मला आवडला नाही. दुखत नाही म्हणते. मंगळवारी सुट्टी टाकलीय.

दातवाली_डोंबिवली · रविवार, सकाळी ७:१०

मंगळवारपर्यंत थांबू नका दादा, उद्या सकाळीच ओपीडीला जा. लाल ठिपका आहे हे केसपेपर करतानाच सांगा. आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, सोबत न्या. मशेरीची डबीही न्या, किती वर्षं आणि दिवसातून किती वेळा हे डॉक्टर विचारतीलच.

परळकर_वृंदा · रविवार, सकाळी ७:४५

शैलेश, तुकडा काढला तर पत्र आणि ब्लॉकचा नंबर जपून ठेव, पुढे कुठेही गेलात तरी तोच ब्लॉक मागतात. आईला सांग, सुईने बधिर करतात, तुकडा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा असतो.

शिवडीचा_शैलेश · सोमवार, दुपारी १२:३५

काढला. आई बाहेर बाकावर बसलीय, ओठाला गॉझ लावून. घरी जाताना नारळपाणी हवंय म्हणते.